पत्रकांवर वाळवलेली पानं

त्या झुडपाचं नाव मी इथे देणार नाही. नाव छापलं की पंधरा दिवसांत कुणीतरी त्याचा काढा विकायला बसतो आणि एखादी बाई हॉस्पिटलचे उपचार सोडून तो प्यायला लागते. अशा काढ्यांविरुद्धची पत्रकं वाटतच मी जयपुरात मोठी झाले. बाबा विमा कंपनीत. बदलीवर आले आणि इथलेच झाले. नोकरी सांभाळून ते हिंदीत पत्रकं लिहीत, अजूनही लिहितात. घड्या घालता घालता मी वाचायला शिकले.

पुढे मीच वनस्पतींमध्ये कॅन्सरवरचं औषध शोधणाऱ्या प्रयोगशाळेत गेले, याचं लोकांना हसू येतं. मला त्यात विसंगती वाटत नाही. पुरावा मागणाऱ्याने कधीतरी तो शोधायलाही बसावं.

दोन वर्षं काहीच सापडलं नव्हतं. आमच्या चाचणीत जिवंत पेशी जांभळा रंग देतात, मेलेल्या पेशी असतील ती प्लेटमधली छोटी घरं फिकट राहतात. माझी प्लेट दर वेळी जांभळीच. मग एका सकाळी अख्खी रांग फिकट निघाली. पुढच्याच महिन्यात समितीसमोर माझं सादरीकरण होतं आणि काम पुढे चालू ठेवायचं की नाही, हे त्यावर ठरणार होतं. मला आनंदाने भूकच लागेना.

माझ्या मार्गदर्शक मॅडम मूळच्या नागपूरच्या. त्यांनी दुसरी प्लेट मागितली, निरोगी पेशींची. तीही फिकट होती.

"दोन्ही मारतंय हे," त्या म्हणाल्या. "कॅन्सरच्या पेशी मारणं कठीण नाही गं. आपल्या वाचवून मारायच्या असतात."

काही झाडं विषारीच असतात, असा वाद मी घातला. त्यांनी शांतपणे विचारलं, पानं कुठे वाळवली होती?

विभागातली वाळवणाची जाळी भरलेली होती म्हणून ती मी विद्याधर नगरच्या घरी, मागच्या खोलीत सावलीत वाळवली होती. फोनमधले त्या दिवसाचे फोटो उघडले. धुतलेली, ओलसर पानं पसरलेली, आणि उलटून ठेवलेल्या दोनचार पानांच्या पाठीवर काळसर रेषा. मी फोटो मोठा केला. उलटी अक्षरं होती ती.

खाली मलमल अंथरायला हवी होती. ती सापडली नाही तेव्हा बाबांनी प्रेसमधून त्याच दिवशी आलेली, छपाईत बिघडलेली पत्रकं पुढे केली होती. एका बाजूने कोरी होती. पण बाबांनी छापील बाजू वर ठेवली. "वाचू दे की पानांनाही," ते म्हणाले होते, आणि मी हसून तशीच पानं पसरली होती. ताजी शाई ओल्या पानांत उतरली होती.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात मी बाबांना सगळं सांगितलं. हेही सांगितलं की मी गप्प राहिले तर कुणाला कळणार नाही, निदान समिती होईपर्यंत. ते कणीक मळत होते.

"मग माझ्या पत्रकांत आणि त्या काढेवाल्यांच्या जाहिरातीत फरक काय राहिला?" ते म्हणाले. "सांगून टाक. अक्कल माझी होती, तेही सांग."

दुसऱ्या दिवशी मी सांगितल्यावर मॅडमनी रागवायला दोन मिनिटं घेतली आणि मग कामाला लावलं. उरलेल्या पत्रकांचे तुकडे करून पानांसारखाच त्यांचा अर्क काढला. नवी पानं आणून मलमलीवर वाळवली. दोन्ही अर्क शेजारी शेजारी तपासले. नुसत्या पत्रकांनी कॅन्सरच्या आणि निरोगी, दोन्ही पेशी साफ मारल्या. बाबांना कळवलं तर म्हणाले, इतकी वर्षं लिहितोय, एवढा परिणाम पहिल्यांदाच झाला.

मलमलीवरच्या पानांची प्लेट शेवटी वाचली. निरोगी पेशी गर्द जांभळ्या. कॅन्सरच्या पेशीही जांभळ्या, पण किंचित उतरलेल्या. तीनदा मोजलं, तिन्ही वेळा तसंच.

समितीसमोर मी छापलेल्या कागदापासून सुरुवात केली. दोघे हसले. एका ज्येष्ठ सरांनी हिंदीत विचारलं, "तो बेटा, मिला क्या?" मी म्हटलं, थोडंसं. औषध म्हणावं इतकं नाही, सोडून द्यावं इतकं कमीही नाही. त्यांनी शेवटचा आलेख पुन्हा दाखवायला सांगितला. मग त्यांनी विचारलं की पुढच्या हंगामात मुळंही तपासणार का. वहीत मी "मुळं" लिहिलं आणि खाली रेघ मारली.