मागचा उजवा फरा

जत भागातल्या वाड्यावस्त्यांवर जेवणावळ ठरली की बकरं निवडायला अर्जुना धनगरालाच बोलावणं जायचं. मागच्या मांडीवर हात फिरवून फरा, म्हणजे अख्खी तंगडी, किती भरेल ते तो डोळे मिटून सांगे. कुणी मोठ्या शिंगांचं बकरं दाखवलं, तर ताटात शिंगं वाढणार आहात का, असं तोंडावर विचारी. माणूस फटकळ, पण हात खोटा बोलत नसे.

लढाईवर अर्जुनाचा मुलगा जोतिबा आणि शेजारच्या नानासोचा मुलगा दादासो असे दोघं गेले होते. शेहेचाळीस साली दादासो एकटाच परतला. जोतिबा मागनं येतोय म्हणाला आणि त्यानं नजर चुकवली. अर्जुनाला ते दिसलं, पण त्यानं मनाला दिसू दिलं नाही. पोरगं घरी आलं की बिरोबाला द्यायचं म्हणून त्यानं दारात एक बकरं बांधलं होतं. अशा बकऱ्याचा मागचा उजवा फरा ज्याच्यासाठी नवस, त्याच्याच ताटात पडायचा.

मुलगा परतला म्हणून नानासोनं जेवण ठरवलं. अर्जुना भर दुपारी त्याच्या कळपात शिरला. निवडलेल्या बकऱ्याच्या पाठीवर पाणी शिंपडायचं. त्यानं अंग झाडलं तर देवाला मान्य. पहिल्यानं झाडलं नाही. दुसऱ्यानंही नाही. सगळा कळप अर्जुनाच्या घराकडे तोंड करून उभा होता आणि एकही बकरं ओरडत नव्हतं.

तो घराकडे निघाला, दादासो मागोमाग. बायको हरणाबाई पाण्याला गेली होती, दारात कुणी नव्हतं. त्या दोघांसमोर नवसाच्या बकऱ्यानं आपोआप सगळं अंग झाडलं. थेंब अर्जुनाच्या तोंडावर उडाले. त्यानं पाठीवर हात ठेवला, तर केस निथळत होते. आभाळ कोरडं ठणठणीत होतं.

दादासोनं अर्जुनाचे पाय धरले.

"काका, जोतिबा तिकडं नदीत बुडाला. माज्या डोळ्यांदेखत. तुमास्नी सांगायची छाती झाली न्हाई."

देवानं मागून घेतलेलं ठेवता येत नाही. संध्याकाळी त्यानं ते बकरं कापलं, मांडीवर हात न फिरवता. हरणाबाईला सांगायला जीभ रेटत नव्हती. फरा शिजला तशी तीच चुलीपासून विचारू लागली, नवस पोराचा, मग हा वाढायचा कुणाला?

"त्यालाच वाढ," अर्जुना म्हणाला. "आलाय त्यो."

हरणाबाईनं पळी तिथंच टाकली, पाय धुवायला तांब्या भरून घेतला आणि हसत दाराकडे धावली.