गाडी झाली काय?

माझ्या दोस्ताच्या, सुखदेवच्या बायकोचा, वंदना वहिनीचा फोन आला तेव्हा मी लोहाऱ्याच्या एमआयडीसीत, माझ्या वर्कशॉपात, सुखदेवच्याच गाडीचा शाफ्ट लेथवर चढवून उभा होतो. "भाऊजी, गाडी झाली काय?" एवढंच तिने विचारलं. मी म्हटलं, अजून दोन-तीन दिवस लागतील, त्याला म्हणावं जरा दम धर. पलीकडे नुसता पाण्याचा आवाज... मग ती म्हणाली, "त्याईच्या छातीत दुखून राह्यलं. रपट्यावरून पाणी चाललं." दुपारी पुन्हा तिचाच फोन. या वेळी तिने गाडीचं विचारलं नाही, तेव्हाच मी समजलो. बाजेवर घालून त्याला काठापर्यंत आणलं होतं, पाणी उतरायची वाट पाहिली होती. पाणी उतरलं संध्याकाळी.

सुखदेव आणि मी आयटीआयपासूनचे दोस्त. मी यवतमाळात राहिलो, तो झरी जामणीकडे आपल्या गावी परत गेला. त्याचं गाव नाल्याच्या पलीकडे. रपटा, म्हणजे नाल्यातली फरशीची वाट, बुडाला की ते जगातून उठलं समजा. कोणाला साप चावो, कोणाला कळा येवोत, पाणी पाहत बसायचं. याला ते सोसलं नाही. लष्कराच्या लिलावातला एक जुना, चारही चाकांना जोर असलेला ट्रक त्याने मिळवला आणि आम्ही दोघांनी तो चाकांवर उंच केला, मोठे टायर घातले, दुसरं दमदार इंजिन बसवलं, मागे बाज मावेल एवढी जागा केली. त्यानंतर त्या गावात पाण्यापायी कोणी अडकलं नाही. आपण वावरात असलो तर पेशंटनं काय करावं, म्हणून त्याने बायकोलाही गाडी शिकवली. वहिनी पहिल्यांदा नाल्यातून गाडी काढून आली तेव्हा हा पठ्ठ्या काठावर लहान पोरासारखा नाचला होता.

त्या गाडीचं एकच दुखणं होतं. इंजिनाचा जोर चाकांकडे नेणारा लोखंडी दांडा म्हणजे शाफ्ट, आणि तो जिथे वाकतो तिथे मनगटासारखा सांधा असतो, त्याला आम्ही क्रॉस म्हणतो. गाडी उंच केली, इंजिन मोठं केलं, पण क्रॉस जुन्याच मापाचे राहिले. सुखदेवला हे ठाऊक होतं, म्हणून निघण्याआधी तो दर वेळी पोतं अंथरून गाडीखाली शिरायचा, शाफ्ट दोन्ही हातांनी धरून पिळून पाहायचा आणि आतूनच ओरडायचा, "ढिला नाई!" मगच चावी. अशा सांभाळून चालवण्यावर ते क्रॉस कितीतरी पावसाळे टिकले.

त्यातला एक तुटला कशात, हे ऐका. पेशंट नेताना नाही, पुलाची पाहणी करताना! त्या नाल्यावर पूल होणार, होणार म्हणून आमच्या दाढ्या पिकल्या. यंदा पाऊस लागल्यावर एक पुढारी पाहणीला आले आणि पलीकडे जायला सुखदेवचीच गाडी मागितली. मागे माणसं कोंबली, बॅनर बांधलं. साहेबांच्या पुतण्याला गाडी चालवायची हौस आली. सुखदेव नाही म्हणाला, पण गावच म्हणालं, दे ना बे, पूल होऊन राह्यला आपला. पुतण्याने चाक दगडगोट्यांत अडकवलं, वर ॲक्सिलेटर दाबून क्लच सोडला. टण्णकन आवाज झाला. पुढचा क्रॉस गेला. साहेब उतरले, फोटो काढले आणि म्हणाले, गाडी जुनी झाली तुमची. पूल अजून कागदावरही नाही.

मागच्या चाकांच्या जोरावर, उघडीप पाहून, सुखदेवने गाडी माझ्याकडे आणली. मी म्हटलं, आत्ता जुन्याच मापाचा क्रॉस टाकू, गाडी घेऊन जा, मोठं काम दिवाळीनंतर करू. तो ऐकेना. मोठा क्रॉस घालायचा तर त्याला धरणारी दोन्ही टोकं बदलायची, शाफ्ट जाड करायचा, बॅलन्स करायचा... सगळा कुटाणा. मी चिडलो. पावसाळ्यात गाडी खोलून ठेवतोस, अक्कल गहाण टाकली काय? तो शांतपणे म्हणाला, "आज गाडीत पेशंट नव्हता अन् तुटला. उद्या मधात कोणी बाई असली अन् तवा तुटला, मंग?" मी पाना उचलला आणि शाफ्ट खोलायला घेतला. त्याचं म्हणणं खरं होतं, आणि म्हणूनच त्याचा राग येतो. लेका, त्या सगळ्या पेशंटांत एकदा तरी स्वतःला धरायचं होतं! गाडी दारात असती तर वहिनीनेच नेलं असतं तुला.

सुखदेवच्या पुण्यानुमोदनाला मेणबत्त्या लागल्या, बुद्धवंदना झाली, मग लोक बोलायला उभे राहिले. त्याची वेळ आली होती म्हणे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वेळ कसली आली होती? पूल आला नव्हता! ज्यांनी गाडी मोडली त्यांच्या नावाचा हार फोटोवर सगळ्यात मोठा होता. मी तो काढून बाहेर ठेवला.

शाफ्ट मी पूर्ण केला. मोठे क्रॉस बसवले आणि मागच्या आठवड्यात गाडी स्वतः नेऊन दारात उभी केली. चहा होतो न होतो तोच वहिनीला साहेबांच्या माणसाचा फोन आला. साहेबांना सांत्वनाला यायचं आहे, नाल्याला पाणी दिसतं, तेवढी गाडी अलीकडे पाठवता का? मी फोन हिसकावणारच होतो, वहिनीने हातानेच थांबवलं.

"पाणी गुडघ्याइतकं आहे आज," ती म्हणाली. "आमी बाज घेऊन उभे होतो तवा छातीइतकं होतं. साहेबाले म्हणा, पायी या."

साहेब आले नाहीत. दिवस कलताना कोलामांच्या पोडावरून, म्हणजे पाड्यावरून, निरोप आला, एका बाईला कळा सुरू झाल्या होत्या. वहिनीने पदर खोचला, सुखदेवचं ते तेलकट पोतं अंगणात अंथरलं आणि गाडीखाली शिरली. मी चावी हातात घेऊन उभा होतो.

"ढिला नाई, भाऊजी," खालून आवाज आला. "द्या चावी."