चिंचेनं उजळवलेला फोन

हसणार नसाल तर सांगतो. बरं, हसा! पण चहा संपेपर्यंत मध्ये कोणी बोलायचं नाही. या मूर्खपणात दुसरा कोणी वाटेकरी नाही, सगळा माझा स्वतःचा आहे.

माझी रश्मी पुण्याला नोकरीला लागली आणि पहिल्या पगारात तिनं काय करावं? स्वतःला एक ड्रेसही न घेता मला नवा कोरा स्मार्टफोन पाठवला! मोहाडीच्या तहसीलीत जन्मभर फायली बांधलेला माणूस मी. खोका उघडला. खरं सांगतो, डोळे भरून आले. तेव्हापासून रोज दिवेलागणीला तिचा व्हिडिओ कॉल यायचा आणि मी अर्धा तास आधीच केस विंचरून बसायचो.

पावसाळ्यात हा फोन खिशात घालून मी तलावापर्यंत फिरायला जायचो. वरून पाऊस, आतून घाम. दोन महिन्यांत एक दिवस चार्जर लावला, तर फोन ढिम्म! उलटा लावला, फुंकर मारली, देवाचं नाव घेतलं. शेवटी भिंग घेऊन चार्जिंगच्या भोकात डोकावलो. आत हिरवट पापुद्रा.

मी लगेच ओळखलं. पितळेवर चढतो तो कळंक!

कसं नाही ओळखणार हो? माझे वडील भंडाऱ्यात पितळेची भांडी घडवायचे. आमच्या गल्लीत सकाळ व्हायची ती ठोक्यांनीच. कोणाच्या घरी घागर घडतेय आणि कोणाच्या घरी परात, हे वडील अंथरुणातूनच सांगायचे. मागच्या अंगणात आई चिंच, मीठ आणि राख घेऊन बसायची. काळीहिरवी घागर तिच्या हातून अशी उजळून निघायची की आम्ही भावंडं तिच्यात तोंड पाहायला भांडायचो. आता गल्लीत दोन-तीनच घरी हातोडा चालतो. मला त्या आवाजाची फार आठवण येते.

अशा घरातल्या माणसाला एवढासा कळंक काय भिववणार? मी स्वयंपाकघरात गेलो आणि वाटीत चिंच भिजत घातली.

"अजी, चिंच कायले भिजवून राहिले?" शालिनीनं, माझ्या बायकोनं, विचारलं.

"फोन घासतो."

"फोन?"

"आतमधलं पितळ कळंकलं त्याचं. पाच मिनिटाचं काम आहे!"

"दुकानात दाखवा ना. नाही त रश्मीले विचारा."

"रश्मीले काहून विचारू? पितळेच्या घरात ती जन्मली का मी?"

काडीला कापूस गुंडाळला. चिंचेचा कोळ लावला, वर चिमूटभर मीठ. आई दहा मिनिटं थांबायची, म्हणून मीही थांबलो. मग हळुवार घासलं. आणि धुतल्याशिवाय चिंच निघते का? धुतला! पण अडाण्यासारखा नाही हं, चमच्या-चमच्यानं पाणी सोडून. राखेचाही हात फिरवला असता, पण गॅसच्या घरात राख कुठली?

कापडानं पुसून पाहिलं, तर आतलं सगळं सोन्यासारखं लखलखत होतं. चार्जर लावला. चार्जिंग सुरू!

मी छाती फुगवून शेजारच्या रामटेकेभाऊंकडे गेलो. रामटेकेभाऊ निवृत्त मास्तर, कोणाच्या शब्दावर सहजासहजी विश्वास ठेवत नाहीत. नेमका त्या दिवशी ठेवला.

"माह्याही फोनचं असंच होते, भाऊ. घासून द्या ना!"

दिला. मीठ जरा सढळ हातानं घालून दिला.

संध्याकाळपर्यंत दोन्ही फोन गार. आता तुमच्यासारख्या शहाण्या माणसाला चिंचेचा संशय आला असता. आम्हाला आला कंपनीचा! नकली माल विकतात म्हणजे काय? दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं तरातरा बाजारातल्या मोबाइलच्या दुकानात गेलो आणि भर गर्दीत मी आवाज चढवला.

दुरुस्तीला बसणाऱ्या वैशालीताई शांतपणे म्हणाल्या, "काकाजी, बसा. पाहू त द्या आधी."

त्यांनी माझा फोन यंत्राखाली धरला. समोरच्या पडद्यावर तो एवढासा खड्डा विहिरीएवढा दिसू लागला. आत काहीतरी तपकिरी लोंबत होतं.

"हे काय होय, काकाजी?"

मी काही बोलायच्या आत रामटेकेभाऊ अभिमानानं म्हणाले, "चिंच होय. आमच्या भाऊनं लावली!"

"आन हे पांढरं?"

"मीठ," मी पुटपुटलो.

"तिखट टाकाचं राहून गेलं का?"

सगळं दुकान हसलं. मग वैशालीताईंनी समजावलं, "हिरवं थोडंसंच असन, मी पुसून देल्लं असतं. भांड्याचं पितळ जाड राहते काकाजी, घासलं त चमकते. इथं वरचा मुलामा केसाहून पातळ. तुमी तो घासून काढला आन आत खारं पाणी सोडलं. पोर्ट बदलवा लागन. परवा या दोघंही."

दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही. पोरीची पहिली कमाई मी चिंचेत बुडवली, हे तिला कळलं तर काय वाटेल? शालिनीच्या साध्या फोनवर रश्मीचा फोन आला की मी डोळे मिटून घोरायचो.

ठरल्या दिवशी फोन मिळाला. दिवेलागणीला कॉल आलाच.

"बाबा, फोन काहून बंद होता?"

मी खोकलो. "टॉवर पडला होता बेटा, वरठीकडं."

"मंग आईचा कसा लागे?"

"तो जुना फोन. जुन्याले टॉवर कमी लागते." पुन्हा खोकलो.

"तीन दिवस टॉवर पडून होता?"

"हो ना! वादळ केवढं!" खोकला काही थांबेना.

तिनं माझा खोकला थांबू दिला. मग म्हणाली, "बाबा, दुकानातल्या ताईनं दुरुस्ती झाल्यावर शेवटचा नंबर लावून पाह्यला. तो माझा होता. पंधरा मिनिटं बोललो आम्ही."

शालिनीनं तोंडाला पदर लावला. माझा चेहरा कसा झाला असेल ते मी सांगत नाही.

"रागावली का, बेटा?"

"नाही हो बाबा. पण तुम्ही खोटं बोलले की खोकलता, हे मले लहानपणापासून माहीत आहे. आता फक्त एक खरं सांगा. मी देल्लेला फोन तुम्हाले आवडला का?"

अहो, आवडला का काय विचारते! इतका आवडला होता की काय सांगू! आवंढा गिळला, तोंड उघडलं, "बेटा, लय..." म्हटलं आणि असा जबरदस्त खोकला उठला की शालिनी पाण्याचा तांब्या घेऊन धावली.

"समजलं, बाबा," रश्मी म्हणाली, आणि तिनं फोन ठेवला. खरं बोलताना मी जन्मात एकदाच खोकलो, ते तेव्हा!