गेलेल्यांची यादी

मी गाव सोडलं त्या सकाळी एसटी अर्धा तास उशिरा आली, आणि त्या अर्ध्या तासात माझ्या मायचं आणि भास्करभाऊंचं एका शब्दावरून वाजलं.

भास्करभाऊ म्हणजे आमच्या युवक मंडळाचे सचिव. तेव्हा तिशीतले. मंडळातलं कुणी शिकायला किंवा नोकरीला बाहेर निघालं की ते फाट्यावर सोडायला येत, एका हातात मंडळाचं रजिस्टर आणि दुसऱ्या हातात यादी. माझी यादी बारा ओळींची होती. कुलूप, मेणबत्ती, सुईदोरा, नागपुरात असलेल्या मंडळाच्या दोन माणसांचे पत्ते. बारावी ओळ होती, 'पोचल्याचं पत्र'. यादी माझ्या हातात देऊन त्यांनी रजिस्टर माझ्या ट्रंकेवर टेकवलं आणि 'गेलेले' या रकान्यात माझं नाव लिहिलं.

मायला वाचता येत होतं ते बेताचंच. पण तेवढा शब्द तिनं वाचला.

"काहून गा भास्कर, पोरगी समोर उभी आहे अन् तू गेलेली लिहून राहिला? आपण घरातून निघताना जातो नाही म्हणत, येतो म्हणतो. बाहेरगावी लिही."

"बसत नाही काकू. रकाना बारीक आहे."

"मंग रुंद कर."

"बाजूची जागा लागते मले," भाऊ म्हणाले. कशासाठी लागते ते सांगायच्या आत एसटी दिसली.

आज मी नागपुरात एका कॉलेजच्या प्रयोगशाळांचं भांडार सांभाळते. कुठल्या कपाटात किती चंचुपात्रं आणि त्यांतली किती तडकलेली, हे मला कपाट न उघडता सांगता येतं. कॉलेजातल्या लोकांना वाटतं ही सवय नोकरीनं लावली. ती मंडळानं लावली. काटोलच्या अलीकडच्या आमच्या गावात मंडळाच्या दोनच खोल्या होत्या. एकीत वाचनालय, दुसरीत शिवणवर्ग, मागे संत्र्याच्या कलमांची रोपवाटिका. दर बैठकीत काय ठरलं ते पाळीपाळीनं एकेकानं लिहायचं आणि पुढच्या बैठकीत उभं राहून वाचायचं. माझी पाळी आली तेव्हा माझा आवाज फुटेना. भाऊ म्हणाले, "घाबरतं काहून वं? तूच तर लिहिलं आहे." त्यानंतर कित्येक मुलाखतींत हे वाक्य माझ्या कामी आलं.

त्या दोन पत्त्यांचंही सांगायला हवं. पहिल्या पत्त्यावर लीलाताई राहत. आमच्याच शिवणवर्गातून नर्सिंगला गेलेल्या. खोली एक, खाट एक. मी पोचले तेव्हा त्यांची ड्यूटी सुटलेली होती आणि पायांत गोळे आले होते, तरी खाट त्यांनी मला दिली आणि स्वतः तीन आठवडे खाली झोपल्या. पुढे त्या मस्कतला गेल्या, तिथेच स्थिरावल्या. दुसरा पत्ता रमेशदादांचा. ते फौजेत, तेव्हा कामठीला. पहिल्या रविवारी ते मला शेअर ऑटोतून सगळीकडे घेऊन फिरले आणि कुठं उतरायचं, कुठं उतरायचं नाही, हे पाठ करून घेतलं. सुभेदार होऊन निवृत्त झाले, तरी अजून फोनवर विचारतात, बरोबर उतरतेस ना.

मी त्यांचं ऋण माझ्या पद्धतीनं फेडते. माझ्या फोनमध्ये मंडळातल्या, बाहेरगावी असलेल्या प्रत्येकाची नोंद आहे: नाव, शहर, रक्तगट, कोण कोणत्या कामाला धावून येईल. गावाहून कुणी दवाखान्यासाठी नागपूरला आलं की दोन फोनांत काम होतं.

म्हणूनच यंदा मंडळाच्या खोल्या रंगवल्या आणि भिंतीवर नामवंतांचा फलक लावायचं ठरलं, तेव्हा आताची सचिव पल्लवी हिनं यादी माझ्याकडे मागितली. मी एका संध्याकाळी पाठवली. नाव, शिक्षण, पद, शहर. मथळाही मीच दिला: 'मंडळातून गेलेले नामवंत माजी सदस्य'. आम्हाला त्यात काही खटकत नाही, आमच्या रजिस्टरातला शब्दच तो. पेंटर मात्र काटोलचा. त्याच्या हातून रोज किती स्मृतिफलक जात असतील कोण जाणे. त्यानं चांगल्या मनानं प्रत्येक नावाच्या आधी 'कै.' लावलं.

शुक्रवारी फलकाचा फोटो व्हॉट्सॲपवर आला. तिसऱ्या ओळीत मी, कैलासवासी.

रमेशदादांनी लिहिलं, "मी गेलो तर मले कोणी कळवलं काहून नाही?" लीलाताईंनी मस्कतहून विचारलं, "माझ्या तेरवीले गोड काय होतं?" दुपारपर्यंत ग्रुप हसत होता, मीही. मग लीलाताईंचा दुसरा मेसेज आला.

"सारे गेले ते ठीक. यात भास्कर कुठं आहे?"

मी फोटो मोठा करून पाहिला. मग माझी मूळ यादी उघडली. तिच्यातही नव्हते. भास्करभाऊंना पद नाही आणि शहर नाही. ते गावातच राहिले, मंडळ चालवत राहिले. आम्हा सगळ्यांची नावं लिहिणाऱ्या माणसासाठी माझ्या यादीत रकानाच नव्हता. आणि रविवारी त्या फलकाची फीत भाऊच कापणार होते.

शनिवारी सकाळी मी पहिली एसटी धरली.

पोचले तेव्हा पेंटर स्टुलावर उभा राहून टर्पेंटाइनच्या बोळ्यानं एकेक 'कै.' पुसत होता. भाऊ खाली खुर्चीवर, हातात काठी.

"या, स्वर्गीय," ते म्हणाले. "रस्त्यात तरास नाही ना झाला?"

"भाऊ, तुमचं नाव राहिलं. माझी चूक आहे."

"चूक कशाची? वरते काय लिहिलं आहे? माजी. गेलेले. मी कुठं गेलो?"

पल्लवी म्हणाली, "काका, आपण वर मोठ्या अक्षरात संस्थापक लिहू."

"मोठ्या अक्षरात मेल्यावर लिहा. तेव्हा याचं 'कै.'बी कामी येईन."

पेंटरनं मान खाली घातली. मी भाऊंच्या शेजारी बसले आणि हळूच विचारलं, "राग आला का?"

त्यांनी काठीनं फलक दाखवला. "राग नाही. काल दोनदा वाचला. वरून खाली, मंग खालून वर."

 मग त्यांनी पल्लवीला कपाटातून जुनं रजिस्टर आणायला लावलं आणि माझं पान उघडलं. 'गेलेले' या बारीक रकान्यात माझं नाव आणि तारीख होती. त्याच्या बाजूला उरलेलं सगळं पान व्यापून दुसरा रकाना होता. मी तो कधी पाहिलाच नव्हता. मथळा होता, 'आले'.

माझ्या नावापुढे पहिली दिवाळी होती. लग्नाची पत्रिका द्यायला आले तो दिवस होता. माय गेली तो आठवडा होता. मृगाच्या बहराच्या वेळी मुलाला बागा दाखवायला आणलं होतं, तो मी विसरलेला दुपारचा दीड तासही होता. लीलाताईंच्या नावापुढे नऊ नोंदी आहेत. रमेशदादा एकदा वर्दीवर, घरी न जाता थेट मंडळात आले होते, तेही लिहिलं आहे. एकाच्या नावापुढे काहीच नाही. त्याची जागाही तेवढीच रुंद सोडली आहे.

"काकू भांडत होती ना," भाऊ म्हणाले, "तवा हेच सांगायचं होतं. एसटी आली."

पेंटर स्टुलावरून उतरला. म्हणाला, "ताई, फलक भरला आहे. पण खाली कोपऱ्यात मी माझं नाव टाकत असतो. यावेळी नाही टाकत. तिथं या भाऊंचं टाकू का?"

भाऊंनी संस्थापक नको म्हटलं होतं, माजी तर नकोच. कोपरा त्यांना चालला. 'नोंद: भास्कर' एवढंच लिहून झालं. ते काठी टेकत उठले, जवळ जाऊन वाचलं, आणि मधली दोन टिंबं सरळ नाहीत म्हणून पेंटरला ती पुन्हा काढायला लावली.

इतकी वर्षं मला घर म्हणजे मायचं घर वाटत होतं, आणि ते बंद झाल्यापासून गावी परकं वाटायचं. आता माझी जागा कुठं आहे ते मला नेमकं माहीत आहे. रजिस्टर पहिलं, उजवी बाजू. भाऊंनी माझ्यापुढे शनिवारची तारीख घातली तेव्हा ओळ संपली. त्यांनी पट्टी घेऊन खाली आणखी एक आखली.

रविवारी फीत कापून झाल्यावर ते मला फाट्यावर सोडायला आले. एसटी वेळेवर होती.

"येते, भाऊ," मी म्हटलं.

"ये," ते म्हणाले. "आल्यावर लिहीन."