विहारातले स्पीकर

ढाणकीत आमचं बियाणं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान आहे. दुकान खाली, आम्ही वर, आणि गल्ली ओलांडली की बुद्धविहार. कापसाची जी वाईट वर्षं गेली त्यांतल्या एका हंगामात आम्ही एका कंपनीचं बियाणं ठरल्यापेक्षा जास्त विकलं, म्हणून कंपनीने बक्षीस पाठवलं. दोन स्मार्ट स्पीकर. खोका आला तेव्हा त्याच बियाण्याची किडकी बोंडं पिशवीत घेऊन लोक दुकानात उभे होते. मी खोका काउंटरखाली ढकलला. पुढच्या पावसाळ्यापर्यंत तो तिथेच होता.

त्या पावसाळ्याच्या तोंडावर माझी नणंद जिन्यावरून पडली आणि तिच्या मांडीचं हाड मोडलं. ती माझ्या नवऱ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी, अंगणवाडीतून निवृत्त झालेली, आमच्याकडेच राहते. तिला सगळी वस्ती बाई म्हणते. वर्षावासाचे तीन महिने रोज संध्याकाळी विहारात आधी वंदना होते, मग ग्रंथवाचन. वंदनेत वाचणारीने एक ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी ती मागून म्हणायची. अठरा वर्षं वाचणारीचं आसन बाईंचं होतं. वाचन खणखणीत, पण घाई फार. लोकांचा शेवटचा शब्द तोंडात असतानाच त्यांची पुढची ओळ सुरू व्हायची.

यवतमाळला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी तीन महिने जिना बंद सांगितला. महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाई केळी घेऊन भेटायला आल्या.

"तुम्ही आराम करा बाई. यंदा माही सून वाचन. आवाज गोड हाय तिचा."

"गोड असन," बाई म्हणाल्या. "अडखळते किती थे सांग."

"शिकन हळूहळू. एकदा बसली की बसली."

ते शेवटचं वाक्य बाईंना लागलं. विहारात एकदा आसन दुसऱ्याकडे गेलं की कोणी परत मागत नाही आणि कोणी परत देत नाही. अध्यक्षीणबाई गेल्यावर बाई मला म्हणाल्या, "तुह्या त्या खोक्यात आवाज हाय ना? मंग लाव."

वर्षावास सुरू होतो त्या पौर्णिमेला चार दिवस होते. बेत सोपा होता. बाईंच्या खाटेजवळ बिलांचा लॅपटॉप ठेवायचा, त्याला माइक लावायचा आणि आवाज वायफायवरून विहारातल्या स्पीकरना पाठवायचा. स्पीकर मूर्तीच्या बरोबरीने ठेवायचे नाहीत, एवढीच विहाराच्या सचिवांची अट होती. मी ते खाली, दोन बाजूंच्या पाटांवर ठेवले. फोनवरून जोडले. स्पीकर इंग्रजीत काहीतरी बोलला. विहार झाडणारी दचकून म्हणाली, "कोण बोलून राह्यली वं?"

घरी येऊन पाहते तर लॅपटॉपच्या यादीत एकही स्पीकर नाही. राउटर बंद करून चालू केला. लॅपटॉपचं अपडेट केलं. फायरवॉल काढून पाहिली. दोन दिवस यात गेले. त्या दोन दिवसांत बिलं हाताने लिहिली. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की विहारात उभं राहिलं तर माझ्या फोनवर स्पीकर दिसतात आणि घरात पाय ठेवला की नाहीसे होतात. मग उलगडा झाला. विहारात येणाऱ्या पोरांनी आदल्या वर्षी गल्लीपलीकडून आमच्या प्रिंटरवर सिनेमातल्या नटांचे फोटो छापले होते. तेव्हा मीच विहारासाठी पाहुण्यांचं वेगळं वायफाय करून दिलं होतं. त्यावरच्या यंत्रांना आमची यंत्रं दिसू नयेत आणि आमच्यांना ती, हेच त्याचं काम. माझा फोन तिकडे गेला की ते धरायचा, घरी आला की आमचं. स्पीकर मी त्याच पाहुण्यांच्या वायफायवर जोडले होते. कुंपण मी घातलं आणि दोन दिवस मीच त्याला धडकत होते. स्पीकर आमच्या वायफायवर घेतले आणि लॅपटॉपवर लगेच दिसले. बाईंनी दोन पानं वाचली, मी विहारात बसून ऐकली. स्वच्छ आवाज. झालं काम, असं मी धरून चालले.

पौर्णिमेला विहार भरलं होतं. बाईंनी पहिली ओळ म्हटली. ती विहारात पोचायला दोन-अडीच सेकंद लागले. इकडे बाई नेहमीच्या घाईने दुसरीवर गेल्या होत्या. बायका पहिली म्हणत होत्या, स्पीकरमधून दुसरी येत होती आणि उघड्या खिडकीतून बाईंना त्यांचाच आवाज मागून ऐकू येत होता. लोक रेंगाळतात असं वाटून बाईंनी आणखी वेग धरला. चौथ्या ओळीला सगळं गुंतलं आणि बाई थांबल्या. विहारातून हसण्याचा आवाज आला. मग अध्यक्षीणबाईंच्या सुनेने वंदना पुरी केली आणि वाचनही केलं. तीन ठिकाणी अडखळली, पण पुरं केलं.

बाईंनी त्या दिवशी भाकरी अर्धी ठेवली. मी ती गाईला घातली.

चूक माझी होती. मी फक्त वाचन तपासलं होतं. मागून म्हणणारी माणसं धरली नव्हती. सकाळी लॅपटॉपसमोर टाळी वाजवली आणि विहारातून ती परत कधी येते ते मोजलं. सेटिंग शोधल्या. आवाज तुटू नये म्हणून असे स्पीकर तो थोडा साठवून मग सोडतात, त्यामुळे उशीर जाण्यासारखा नव्हता. मंडपवाल्याकडून तार आणावी म्हटलं, तर या स्पीकरना तार लावायला भोकच नव्हतं.

मी बाईंना सांगितलं, "वंदना सुनेला घेऊ द्या. ग्रंथ तुम्ही वाचा. त्यात कोणी मागून म्हणत नाही, उशीर झाला तरी चालतो."

"अर्धं आसन मले नको." बाई म्हणाल्या. "त्यायचं म्हणणं संपलं हे मले कसं कळन, तेवढं सांग."

मग फोनचा उपाय केला. माझ्या फोनवरून बाईंना फोन लावायचा, माझा विहारात बायकांमध्ये ठेवायचा आणि बाईंनी त्यांचा कानाला धरायचा. खिडकी बंद. एक ओळ म्हणायची, कानात बायकांची ओळ येऊन संपू द्यायची, मगच दुसरी. दुपारी मी बाईंकडून हे वीसदा करून घेतलं. सहा वेळा त्यांनी घाई केली. मी प्रत्येक वेळी खाटेवर बोट आपटलं.

संध्याकाळी विहारात फोन धरायला कोणी पुढे येईना. शेवटी अध्यक्षीणबाईंची सूनच उठली आणि फोन घेऊन मध्यभागी बसली. वंदना अडखळली नाही. फक्त लांबली.

"बाई, घरी कुकर लावून आली मी," मागून कोणीतरी फोनकडे तोंड करून ओरडलं.

"मंग जाय, उतरवून ये," स्पीकरमधून उत्तर आलं. उशिरा आलं, म्हणून जास्त हशा झाला.

तसे तीन महिने गेले. फवारणीच्या दिवसांत पुरुष कमी यायचे. आले तरी डोळे चोळत बसायचे. दुकानात मी मास्क आणि हातमोजे पुढे मांडून ठेवले होते, खप नव्हता. कंपनीचा माणूस नवी स्कीम घेऊन आला आणि बक्षीस कसं आहे विचारू लागला. म्हटलं, "तुमच्या बियाण्यापेक्षा बरं चाललं."

वर्षावासाच्या शेवटच्या दिवशी बाई वॉकर घेऊन जिना उतरल्या. वीस मिनिटं लागली. आसन रिकामं ठेवलेलं होतं. सून तिसऱ्या रांगेत बसली होती. मी स्पीकर बंद करून बाजूला सरकवले.

बाईंनी पहिली ओळ म्हटली. बायकांनी लगेच मागून म्हटली. मग काहीच नाही. बाई गप्प, कान थोडा कललेला. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या.

"काहून थांबल्या बाई?" अध्यक्षीणबाई म्हणाल्या. "समोरच तं बसलो आम्ही."

"बसा ना," बाई म्हणाल्या. "पुरं होऊ द्या तुमचं." आणि दुसरी ओळ घेतली.