नलूताईंची शेवटची खुर्ची

समस्त मराठी बंधुभगिनींना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, अडीचशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये घडलेल्या, नक्षीदार, सोन्याचा वर्ख चढवलेल्या एका खुर्चीवर प्रस्तुत लेखकाचे बूड एकदा टेकलेले आहे. स्थळ : इंग्लंडातलं मिल्टन कीन्स, नलूताईंचं गॅरेज.

नलूताई आमच्या शेजारीण, मूळच्या सांगलीच्या. आता त्या नाहीत. लंडनला शिकून त्या जुन्या फ्रेंच खुर्च्या दुरुस्त करायच्या. वर्ख लावताना हीटिंग बंद, दार बंद आणि माझं तोंडही बंद. चपटा मऊ ब्रश त्या आधी स्वतःच्या गालावरून फिरवायच्या. त्या तेलकटपणाला वर्खाचं पान चिकटायचं. "श्वास रोख रे मेल्या, नाहीतर पान उडून तुझ्या टकलावर बसेल!"

खुर्ची उलटी करून त्या बैठकीखालचा शिक्का दाखवायच्या. "हे सुताराचं नाव. वर्ख चढवणाऱ्याचं कुठंच नाही. आपलं नाव निघतं ते फक्त चुकल्यावर."

आणि कुणाला तरी बसवून पाहिल्याशिवाय त्या खुर्ची सोडत नसत. "खुर्ची आहे ती, देव्हारा नव्हे." बसणारा मी. वजन शहाण्णव किलो.

२००७-०८च्या हिवाळ्यात एकदा त्यांच्या ब्रशवरचं पान थरथरताना दिसलं. "ड्राफ्ट येतोय, फटीतून वारा," त्या म्हणाल्या. दार तर घट्ट बंद होतं. मी दाराकडे बघतोय हे पाहून त्यांनीच ब्रश खाली ठेवला. "डॉक्टर म्हणतात, हाताचं हे वाढतच जाणार. ही शेवटची. मागच्या पायाचा सांधा ह्याच हातांनी बसवलाय. उद्या खुर्चीच्या मालकीणबाई न्यायला येतील. बस."

"तुम्हीच बसा ना, नलूताई. हलक्या आहात."

"माझ्या वजनानं काय कळणार? बस म्हणते ना!"

त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या, दोन्ही हात काखेत दाबून. मी इंचाइंचानं खाली जाऊ लागलो. घाम मानेवरून पाठीत उतरत होता. बूड टेकलं, आणि त्याच क्षणी आवाज झाला : काड्!

नलूताई वळल्या नाहीत. "कुठं तुटली?" त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता.

मी वाकून चारही पाय पाहिले. सांधा जागच्या जागी होता. मग कळ आली.

"खुर्ची नाही, नलूताई. माझा गुडघा."

त्या गर्रकन वळल्या, थरथरते हात छताकडे जोडले आणि ओरडल्या, "बरं झालं बाई, गुडघाच मोडला!"