खालच्या पोर्शनचा पुतण्या

शुक्रवार, संध्याकाळ. कुंभकोणम, आमचं स्वयंपाकघर. हजर : मी, आमचे हे आणि सुटीत आलेली भाची वैदेही. बोलणं तिघांत झालं. पण मी जे बोलले नाही, ते आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — ह्यांनाही नाही.

वैदेही शहरांचा अभ्यास करते. तिनं विचारलं, "मावशी, ज्यू लोक काही उपनगरांतच का एकवटतात गं?" मी कॉफी ओतता ओतता मुद्देसूद सांगितलं. शब्बाथला, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासूनच्या विश्रांतीच्या दिवशी, वाहनात बसायचं नाही, म्हणून प्रार्थनाघर पायी जाण्याजोगं हवं. सामूहिक प्रार्थनेला दहा पुरुष हवेत. त्यांच्या रीतीनं कापलेलं मांस मिळायला हवं. एक घर गेलं की नात्यातली मागोमाग जातात. आम्ही तंजावरकडची मराठी माणसं तरी काय वेगळं करतो? भजनाचा मठ जवळ म्हणून आमच्या दोन गल्ल्या कुणाला सोडवत नाहीत.

"तुला कसं ठाऊक एवढं?"

"वाचलंय," मी म्हटलं. हे खोटंच. मला रिबकानं सांगितलं होतं. आणि एक कारण मी सांगितलंच नाही.

रिबका कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंपैकी, घर ठाण्याचं. काही वर्षांपूर्वी नवऱ्याची इथं बदली झाली, म्हणून आमचा भाड्यानं द्यायचा खालचा पोर्शन बघायला आली. माझं जुनाट मराठी ऐकून खुदकन हसली. "अक्का, माझी पणजी बोलतेय असं वाटतं!" मी विचारलं, इथं तुमची प्रार्थना कशी व्हायची? म्हणाली, "दहा पुरुष इथं कुठले? शुक्रवारी घरात दिवे लावीन. पण दाराबाहेर मराठी ऐकू येईल ना — म्हणून तर ही गल्ली हवी."

दुसऱ्या खेपेला डबाभर मलिदा आणला. भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, बेदाणे. नव्या गावी सुखरूप पोचलो म्हणून केला, म्हणाली. मी दोनदा घेतला. घर द्यायचं ठरलं. निघताना मी डबा रिकामा करू लागले, तर म्हणाली, "राहू दे हो. आता खालीच तर येतेय राहायला."

त्या संध्याकाळी भजनाला बायकांनी विचारलं, खाली कोण येतंय? मी म्हटलं, ठाण्याचं मराठी कुटुंब. "अय्यो, मग आपलेच की!" सगळ्या खूश. एकीनं तर हळदीकुंकवाची बोलावणीही करून टाकली.

मी गप्प बसले. पुढचं एक वाक्य बोलायचं होतं — ते ज्यू आहेत. कोण नाही म्हणालं असतं? खरंच कोणी म्हणालं असतं का? मला माहीत नाही. मी विचारलंच नाही. कुणी हरकत घेतली नव्हती, कुणी तोंड वाकडं केलं नव्हतं — मीच घाबरले, तेही त्यांच्या आनंदाला.

दुसऱ्या दिवशी रिबकाला फोन केला. माझा पुतण्या राहायला येतोय, म्हटलं. मला पुतण्या नाही.

ती हसली. "असू दे, अक्का. आम्ही घर बघायला गेलो, की त्या गावात सगळ्यांचे पुतणे येतात."

त्यांनी स्टेशनजवळ फ्लॅट घेतला. भोवती चांगली तमिळ माणसं होती, पण दाराबाहेर मराठी नव्हतं. वर्षभरात बदली मागून ती ठाण्याला परतली — प्रार्थनाघराजवळ, आपल्या माणसांत. आमचा पोर्शन तोवर कुलूपबंदच होता. ती बाजाराला याच गल्लीतून जायची. कुलूप तिला दिसलं नसेल?

ती ज्यू होती हे एव्हाना गल्लीत सगळ्यांना ठाऊक झालं होतं. ती गेल्याचं कळलं तेव्हा मठात कुणी तरी म्हणालं, "त्या लोकांना आपापल्यांतच करमतं." सगळ्यांनी माना हलवल्या. मी तर वर पायी जाण्याचं, दहा पुरुषांचं सगळं समजावूनही सांगितलं. आज वैदेहीला सांगितलं, तसंच. त्यात चूक काही नव्हतं. ती लिहूनही घेत होती.

आज शुक्रवार. एव्हाना ठाण्यात तिनं दिवे लावले असतील. मी फडताळ आवरलं. वरच्या फळीवर तो डबा आहे, झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी तिच्या सासूचं नाव कोरलेला. रिकामा डबा परत द्यायची आमच्यात पद्धत नाही, आणि त्यात काय भरायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. डबा द्यायचा राहिला आहे.